कासवाचा काटा: किती किलोचा आणि किती ग्रॅमचा?

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: पाळीव कासवाचे वजन कशावर करायचे. सोलापुरातून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे आफ्रिकन सुलकाटा जातीचे पिल्लू आहे, वजन साधारण ९० ग्रॅम. काट्याचा दुकानदार म्हणतो, ३० किलोचा टेबलटॉप काटा एकदाच घ्या, कासव मोठे झाले तरी चालेल. घ्यावा का? (जुळे सोलापूर)

उत्तर : आत्ता घेऊ नका. दुकानदार तुम्हाला काटा किती जड वजन पेलतो ते सांगतो आहे. तुमच्या पिल्लाला गरज आहे ती काटा किती बारीक फरक ओळखतो याची.

त्या काट्याच्या कडेला धातूची किंवा स्टिकरची पाटी असते. तिच्यावर तीन गोष्टी छापलेल्या दिसतील: मॅक्स ३० किलो, मिन १०० ग्रॅम, ई ५ ग्रॅम. मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त भार. ई म्हणजे काट्याची पायरी. आकडा ५-५ ग्रॅमनेच पुढे सरकतो. मिन म्हणजे ज्याच्या खाली या काट्यावर विश्वास ठेवू नये ते वजन, आणि व्यापारी काट्यात ते पायरीच्या २० पट असते. तुमचे पिल्लू ९० ग्रॅमचे, म्हणजे मिनच्याही खाली. ८८ ग्रॅम असो की ९२, काटा ९० दाखवणार. आठवडाभरात त्याचे ४ ग्रॅम घटले तर ती ४ टक्क्यांहून जास्त घट आहे, आणि काटा तुम्हाला त्यातले काहीच सांगणार नाही.

निवडताना एवढे धरून चाला: काट्याची पायरी कासवाच्या वजनाच्या १ टक्क्यापेक्षा मोठी नको, अर्धा टक्का असेल तर उत्तम. सुलकाटाचे अंड्यातून निघालेले पिल्लू ३०-४० ग्रॅमचे असते आणि पूर्ण वाढलेला नर ४०-५० किलोपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. हजारपट वाढणाऱ्या प्राण्याला एक काटा जन्मभर पुरणे शक्य नाही. तीन लागतील, पण एकदम घ्यायचे नाहीत.

पहिला, २००-२५० ग्रॅमपर्यंत: ०.१ ग्रॅम पायरीचा, किमान १ किलो पेलणारा. खिशात मावणारे २०० ग्रॅमचे सोनारी धाटणीचे काटे टाळा. त्यांचे ताट तळहाताएवढेही नसते, पिल्लासाठी डबा ठेवला की आकडा झाकला जातो आणि डब्याच्या वजनानेच अर्धी क्षमता संपते. दुसरा, तिथून ४ किलोपर्यंत: १ ग्रॅम पायरीचा, ५ किंवा १० किलोचा स्वयंपाकघरी काटा. त्यानंतर मात्र तुमच्या दुकानदाराचा ३० किलो, ५ ग्रॅमवाला काटा खरेच चांगला. ४ किलोच्या कासवाला ५ ग्रॅम म्हणजे अष्टमांश टक्का. २०-२२ किलोच्या पुढे प्लॅटफॉर्म काटा पाहावा लागतो, त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळी हमखास विसरली जाते. टेअर (रिकाम्या डब्यासकट आकडा शून्य करणारे) बटण दाबल्यावर डब्याचे वजन पडद्यावरून जाते, काट्यावरून जात नाही. ५ किलोच्या काट्यावर ९०० ग्रॅमचा टब ठेवून शून्य केले तर कासवासाठी ४ किलो १०० ग्रॅमच उरतात. त्यापुढे भार गेला तर आतली लोडसेलची, म्हणजे भार मोजणारी, पट्टी कायमची वाकू शकते आणि मग काटा शून्यावर येतो, पण मधल्या वजनांना चुकतो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती वाईट.

दुकानात उभ्या उभ्या एक परीक्षा कराच. एखादे वजन आधी ताटाच्या मध्यावर, मग चारही कोपऱ्यांवर ठेवा. पाच ठिकाणी एकच आकडा यायला हवा, फार तर एका पायरीचा फरक. कासव मध्यावर बसून राहत नाही. कोपऱ्याला चुकणारा काटा तुमच्या काही कामाचा नाही.

प्रश्न : मी घरगुती शेंगाची चटणी करून विकते. पॅकिंगसाठी चांगला १ ग्रॅमचा काटा आहे. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी अंथरून मुलाच्या कासवाचे वजन केले तर चालेल का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : नाही, ताई. कासव अगदी ठणठणीत असले तरी त्याच्या विष्ठेत आणि कवचावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. कासवाला त्याचा त्रास होत नाही, माणसाला जुलाब आणि ताप येतो, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्तच. पिशवी सरकते, कासव ओले करते, आणि तुमचा हात पुन्हा त्याच बटणांवर जातो. चटणी तर नंतर शिजवलीही जात नाही. कासवासाठी वेगळा काटा, वेगळा टब, आणि दोन्ही ओट्यापासून लांब. वजन झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मुलानेही.

प्रश्न : पिल्लू काट्यावर ठेवले की पळते. आकडा नाचत राहतो, आणि स्थिर होईपर्यंत काटा बंद पडतो. (सात रस्ता)

उत्तर : पाय जमिनीला लागले की कासव चालणारच. त्याचे पाय अधांतरी ठेवा. पालथी वाटी किंवा छोटा डबा घ्या, ज्याचे बूड कासवाच्या पोटाच्या कवचापेक्षा अरुंद आहे. त्यावर टेरी टॉवेलचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा; सोलापुरात तो शोधायला लागू नये. हे सगळे काट्यावर ठेवून टेअर दाबा आणि कासवाच्या पोटाचा मध्य टेकेल असे वर ठेवा. पाय हवेत हलतात, पण शरीर पुढे जात नाही, आणि आकडा चार-पाच सेकंदांत बसतो. हात दोन बोटांच्या अंतरावर तयार ठेवा, कासवाला टेकवू नका. उताणे ठेवून वजन करण्याची पद्धत काही जण सांगतात, ती वापरू नका. ते धडपडते, घाबरते आणि फुप्फुसांवर आतड्यांचा भार येतो.

अर्ध्या किलोच्या पुढे वाटी डगमगते. तेव्हा उंच काठाचा, अपारदर्शक टब घ्या. पारदर्शक डब्यात कासव बाहेर बघून भिंतीला धडका देत राहते.

काटा बंद पडण्याचे कारण बहुधा सेल वाचवण्याची सोय. एक-दोन मिनिटे आकडा बदलला नाही, किंवा काही काट्यांत नुसते बटण दाबले नाही, की बरेच काटे झोपतात, आणि पुन्हा चालू केल्यावर टबासकट शून्य धरतात. म्हणून आधी कासव जवळ आणा, मग काटा चालू करा. खरेदी करायचीच असेल तर होल्डची सोय असलेला घ्या. तो हलत्या वजनाची सरासरी काढून आकडा धरून ठेवतो. आणि पंखा बंद करा. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर छताच्या पंख्याचा वारासुद्धा आकडा हलवतो.

प्रश्न : गेल्या रविवारी वजन ३१० ग्रॅम होते, या रविवारी २८८. काटा बिघडला की कासव आजारी? एप्रिल चालू आहे, वजन गच्चीवर करतो. (विजापूर रोड)

उत्तर : २२ ग्रॅम म्हणजे ७ टक्के. ही घट दुर्लक्ष करण्याजोगी नाही, पण आधी काटा तपासा, ते दहा मिनिटांचे काम आहे.

२०११ च्या मालिकेतले पाच रुपयांचे पिवळे नाणे ६ ग्रॅमचे असते. अशी दहा नाणी म्हणजे ६० ग्रॅम. जुनी जाड पांढरी नाणी ९ ग्रॅमची आणि २०१९ नंतरची नवी त्याहून वेगळ्या वजनाची, तेव्हा मिसळू नका आणि फार झिजलेली घेऊ नका. त्याहून चांगले म्हणजे ओळखीच्या किराणा दुकानातले शिक्का मारलेले २०० ग्रॅमचे वजन तासाभरासाठी मागून आणा. काट्याने ते २०० च्या एक-दोन ग्रॅम आत दाखवले तर काटा बरोबर आहे.

गच्ची मात्र सोडा. असे काटे साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा त्यापुढे जातो, उन्हातल्या फरशीचे तर बोलायलाच नको. लोडसेल तापली की शून्यच सरकतो. काटा घरात, सकाळी, सपाट जागी ठेवा, पाच मिनिटे चालू ठेवून मग शून्य करा. सेल मरत आले असले तरी आकडा भटकतो.

काटा बरोबर निघाला तर पाण्याकडे बघा. कासव मूत्राशयात बरेच पाणी साठवून ठेवते. गेल्या रविवारी अंघोळीनंतर, पाणी पिऊन झाल्यावर वजन केले असेल आणि या रविवारी शी-शू झाल्यावर, तर एवढा फरक निव्वळ पाण्याचा असू शकतो. म्हणून वेळ एकच ठरवा: सकाळी, अंघोळीच्या आणि खाण्याच्या आधी. वहीत वजनाशेजारी शी झाली का, शेवटची अंघोळ कधी, खाल्ले किती, हे तीन शब्दांत लिहा. त्याशिवाय नुसत्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

आज कोमट पाण्यात २०-३० मिनिटे बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच राहील इतके. दोन दिवसांनी सकाळी पुन्हा वजन करा. भरून आले तर ते तहानलेले होते. उन्हाळाभर अंघोळी वाढवा आणि लपायची जागा ओलसर ठेवा. आणखी घटले, किंवा मूळ वजनाच्या १० टक्के घट झाली, किंवा खाणे बंद, डोळे मिटलेले, नाकातून पाणी असे काही दिसले, तर वाट न बघता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे न्या, वहीसकट.

जंत झाले असतील म्हणून घरच्या कुत्र्याचे किंवा शेळीचे औषध स्वतः देऊ नका. आयव्हरमेक्टिन हे त्यातले नेहमीचे औषध कासवाला लकवा आणून मारू शकते.

प्रश्न : पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव एकाने भेट दिले आहे. त्याला कोणता काटा घेऊ? (बाळे)

उत्तर : काटा घेऊ नका. ते भारतीय स्टार कासव असणार, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ते घरात ठेवणे गुन्हा आहे, भेट मिळालेले असले तरी. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. स्वतः रानात सोडू नका. परक्या भागात ते जगेल याची खात्री नाही आणि आजार असेल तर तिथल्या प्राण्यांत पसरतो.

सुलकाटा परदेशी जात आहे, पण तीही कागदपत्रांशिवाय पाळता येत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

प्रश्न : वजन आणि लांबी यांचा जॅक्सन तक्ता सुलकाटाला लावता येईल का? (मंगळवार पेठ)

उत्तर : नाही. तो भूमध्य समुद्राकाठच्या दोन जातींच्या कासवांसाठी, थंडीच्या झोपेआधी तब्येत बघायला बनवलेला आहे. सुलकाटाचा आकारच वेगळा आणि ते थंडीत झोपतही नाही. तुमच्या कासवाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा. लांबी मात्र जरूर मोजा, दोन भिंतींमध्ये धरल्यासारखी सरळ रेषेत, कवचाच्या वळणावरून टेप फिरवून नव्हे. लांबी न वाढता वजन चढत राहिले तर मूत्राशयात खडा किंवा मादीच्या पोटात अंडी असू शकतात. एक्स-रेत दोन्ही सहसा दिसतात.

प्रश्न : आमचे कासव १८ किलोचे झाले. मी त्याला घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभा राहतो आणि माझे वजन वजा करतो. एवढे पुरे ना? (होटगी रोड)

उत्तर : पुरे नाही, काका. बाथरूमच्या काट्याची पायरी १०० ग्रॅमची. दोनदा वाचता, म्हणजे नुसत्या पायरीमुळे १०० ग्रॅमपर्यंत चूक, आणि काट्याची स्वतःची चूक वर वेगळी. महिन्याला २००-३०० ग्रॅम वाढ होत असेल तर ती त्यातच बुडून जाते. त्यात हे काटे चार पायांवर दाब मोजतात. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीवर एक पाय अधांतरी राहिला की किलोभराचा गोंधळ होतो. तुमच्या पाठीचा आणि हातातून सुटलेल्या कासवाच्या कवचाचा प्रश्न तर आहेच.

बॅग तोलायचा टांगता काटा आणि गोणपाटाची झोळी हाही पर्याय नाही. झोळी झुलते, आकडा झुलतो, आणि कासव त्यात पाय मारून कडेने बाहेर येते.

१०० किलो, १० किंवा २० ग्रॅम पायरीचा प्लॅटफॉर्म काटा घ्या, धान्याच्या आणि सुताच्या दुकानांत असतो तसा. जुना मिळाला तरी चालेल, पण पाटी वाचा, वैधमापन खात्याचा शिक्का अलीकडचा आहे का पाहा, आणि ५ किलोचे वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. ताट ४०-५० सेंटिमीटरचे असते, त्यामुळे वर १२ मिलिमीटर प्लायची ६० सेंटिमीटर चौकोनी फळी टाका. ती तीनेक किलो भरेल, टेअर करा. फळी मागच्या खांबाला किंवा भिंतीला टेकत असेल तर वजन कमी येते, बोटभर फट ठेवा. काट्याखालचे स्क्रूचे पाय फिरवून काट्यावरच्या पातळीदर्शकातला बुडबुडा मध्यावर आणा, फरशी डगमगती असेल तर खाली जाड फळी घाला. चढायला उतार लावला तर कासव वर गेल्यावर तो काढून घ्या, नाहीतर थोडा भार त्या उतारावरच राहतो. कासव मध्ये आल्यावर त्याच्यापुढे हिरव्या चाऱ्याची काडी धरा, ते थांबते. काडी दिसली पाहिजे, खाल्ली जाता कामा नये. ती आकडा लिहून झाल्यावर.