वाचक विचारतात: चमकणारी पावडर फिकी का पडते?

प्रश्न: अंधारात चमकणारी हिरवी पावडर इपॉक्सी रेझिनमध्ये घालून एक पेपरवेट केला. पावडर सगळी तळाला जाऊन बसली आणि पंधरा मिनिटांत उजेड गायब. दुसऱ्यांदा बारीक व्हावी म्हणून खलबत्त्यात कुटून घातली तर आणखीनच मंद! माझं काय चुकतंय? आणि ही रेडिओॲक्टिव्ह तर नसते ना?

उत्तर: शेवटचं आधी. नाही, रेडिओॲक्टिव्ह नसते. ती भीती जुन्या घड्याळांच्या काट्यांवरच्या रेडियमच्या रंगामुळे लोकांच्या डोक्यात बसलीये. तुमची पावडर बहुतेक स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची असणार, त्यात अगदी थोडे युरोपियमचे आणि डिस्प्रोसियमचे आयन (म्हणजे या धातूंचे विद्युतभार असलेले अणू) घातलेले असतात. उजेड देतो तो युरोपियम. उजेडात ठेवलं की त्यातला इलेक्ट्रॉन वर उडतो, त्यातले काही स्फटिकातल्या खड्ड्यांत अडकून बसतात (हे खड्डे वाढवायचं काम डिस्प्रोसियमचं) आणि मग खोलीतल्या उबेने एकेक करून सुटत जातात, सुटला की हिरवा उजेड. जपानमधल्या संशोधकांनी ही पावडर १९९६ साली जगासमोर मांडली, त्याआधीचं तांबं घातलेलं झिंक सल्फाइड तासाभरातच ढेपाळायचं, हिचा मंद उजेड रात्रभर टिकतो.

खरं वाटत नसेल तर पेपरवेट दिव्याखाली धरा, मग अंधारात नेऊन अर्धा कोमट पाण्यात बुडवा. बुडालेला भाग चक्क जास्त चमकेल, पण तोच आधी विझेल. अडकलेले इलेक्ट्रॉन उष्णतेने भराभर सुटले ना, साठा तेवढाच!

आता तुमच्या चुका. कुटलीत ती सगळ्यात मोठी. आयन चमकतो तो भोवतालचा स्फटिक धड असेल तर, कुटल्यावर कण फुटतात, पृष्ठभागावर मोडतोड होते आणि ऊर्जा उजेड न होता तिथेच उष्णता होऊन जाते. म्हणून जाड कणांची पावडर जास्त चमकते, हाताला रखरखीत लागली तरी चालेल. तळाला बसते कारण ती रेझिनपेक्षा तिप्पट जड आहे. रेझिन कालवल्या कालवल्या ओतू नका, जरा मधासारखं घट्ट होऊ द्या मग पावडर ढवळून ओता, नाहीतर पातळ थर एकावर एक द्या. तिसरं, चार्ज करताना कुठला दिवा वापरलात? पिवळसर मंद बल्बखाली तासभर ठेवून उपयोग नाही, ऊन किंवा निळसर पांढरा एलईडी हवा. आणि साधी पावडर पाण्याच्या रंगात मिसळू नका, पाण्याने ती विरघळत मरते, त्यासाठी वर लेप दिलेली वेगळी मिळते.

थोडक्यात आयन भारी असून भागत नाही, त्याला राहायला जागा नीट लागते, आणि कंपोझिट (म्हणजे रेझिनसारख्या पदार्थात पावडर कालवून केलेली वस्तू) बनवणाऱ्यांचं अर्धं डोकं त्यातच जातं.

प्रश्न: पांढऱ्या एलईडीवर तो पिवळा ठिपका कसला असतो?

उत्तर: तेही कंपोझिटच! खालची चिप निळा उजेड देते, साधारण ४५० नॅनोमीटरचा, आणि वरच्या सिलिकोनमध्ये सेरियमचे आयन असलेली यॅग नावाच्या गार्नेटची (हा एक प्रकारचा स्फटिक) पावडर कालवलेली असते. काही निळा आरपार जातो, बाकीचा सेरियम खाऊन पिवळा करून देतो, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा. आधी इपॉक्सी वापरायचे पण निळ्या उजेडाने आणि उष्णतेने ती पिवळी पडायची, म्हणून सिलिकोन. यातला लाल कमी पडतो, त्यामुळे स्वस्त एलईडीखाली माणसांचे चेहरे आजारी दिसतात. चांगल्या दिव्यांत लाल देणारा मँगनीजचा किंवा युरोपियमचा फॉस्फरही (म्हणजे अशीच उजेड देणारी पावडर) घालतात. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली फिजिक्सचं नोबेल मिळालं, या पिवळ्या पावडरला मात्र कुणी विचारत नाही!

प्रश्न: नकली माल ओळखायला असे आयन वापरतात म्हणे?

उत्तर: वापरतात. युरोच्या नोटेवर यूव्ही दिवा धरा, तंतू चमकताना दिसतील. त्याहून चलाख जोडी इटर्बियम आणि अर्बियमची, डोळ्याला न दिसणारा ९८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड घेऊन ती हिरवा उजेड देते, म्हणजे दोन लहान घास मिळून एक मोठा. शाईत किंवा प्लास्टिकमध्ये मिसळली तर साध्या यूव्ही दिव्याखाली ही खूण दिसतच नाही, ती वाचायला इन्फ्रारेड लेझर लागतो.