पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना

सगळे पैसे गिटारवरच संपवू नका. साधारण तिसरा हिस्सा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पला ठेवा. केबल, ट्यूनर आणि सेटअपचे (गिटार वाजवायला नीट जुळवून घेण्याचे) पैसे वेगळे काढा.

फ्लॉइड रोझ ब्रिज (तारा जिथे अडकतात तो भाग, यात स्प्रिंगवर तरंगणारा) आत्ता नकोच. त्यात एक तार तुटली की बाकीच्या पाचही सुरातून सुटतात आणि सरावाचा वेळ ट्यूनिंगमध्येच जातो. फिक्स्ड (न हलणारा) ब्रिज किंवा साधा ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) बरा. पिकअप (तारांची कंपनं पकडणारी चुंबकं) एचएसएस, म्हणजे एक हंबकर (दोन कॉइलचा) आणि दोन सिंगल कॉइल, असतील तर उत्तम: मागच्या, ब्रिजजवळच्या हंबकरवर डिस्टॉर्शन (रॉकमधला फाटका आवाज) भरीव वाटतं, पुढच्या सिंगल कॉइलवर स्वच्छ, खणखणीत सूर मिळतो. यामाहा पॅसिफिका ११२ अशीच आहे.

दुकानात नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं टोचली तर दुसरा नग मागा. मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून) वाजवा आणि तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा लागला तर घाबरू नका, सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घेऊन तो जुळतो. पिळलेला नेक मात्र घेऊच नका. तारा ००९ च्या (सर्वात बारीक तार ०.००९ इंच जाडीची) लावा, बोटं कमी दुखतील.

घरी १० ते २० वॉटचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) किंवा मॉडेलिंग (वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आवाज काढणारा) अ‍ॅम्प भरपूर झाला. हेडफोन जॅक हवाच, रात्रीचा सराव त्यावरच होतो.