तीन एकरांत लेकरं शिकवायची तर

बाळा, कोरडवाहू रानात खरी अडचण जूनमध्ये येते. बी-बियाणं, खत आणि वह्या-गणवेश एकाच पंधरवड्यात अंगावर येतात, अन् सोयाबीनचा पैसा हातात पडायला दसरा-दिवाळी उजाडते. म्हणून दिवाळीतच शिक्षणाचा वाटा काढून सूनबाईच्या खात्यावर टाक. तुझ्या खात्यावर राहिला तर तो दुकानदाराच्या उधारीत जाईल.

दोन-तीन उस्मानाबादी शेळ्या पाळ. या जातीत जुळी करडं नेहमीची, बोकड अडीनडीला लगेच विकला जातो. घरचं दूध मात्र सगळं डेअरीला घालू नकोस, आधी लेकरांच्या पेल्यात.

गावातली जिल्हा परिषदेची शाळा वाईट समजून तालुक्याला खोली करण्याची घाई नको. आधी गुरुजींना भेट, वर्गात जाऊन बस. पाचवीत नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षा द्यायला लाव; तिथं सहावीपासून राहणं-जेवण मोफत आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत काढ, अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर फार गर्दी असते.

कापूस वेचणीला पोरीची शाळा बुडवू नकोस, हे मी हात जोडून सांगतो. चार किलो कापूस कमी येऊ दे. सुट्टीच्या दिवशी रानात ने, पावती वाचायला दे, विकलेल्या मालाच्या पट्टीचा हिशोब तिच्याकडूनच करून घे.