व्हीव्हीटी असलेल्या पेट्रोल गाडीला ईजीआर व्हॉल्व्ह का नसतो?

तुमच्या पेट्रोल गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला वायू इंजिनात परत सोडणारा) सापडला नाही, मेकॅनिक म्हणाला "व्हीव्हीटी आहे, याला लागत नाही", आणि घरच्या डिझेल गाडीचा ईजीआर पत्रा लावून बंद करावा का, असं विचारलंय.

मेकॅनिक खोटं नाही बोलला, अर्धं बोलला. व्हीव्हीटी म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या उघडझापेची वेळ बदलणारी यंत्रणा. ईजीआरचा वेगळा व्हॉल्व्ह नाही, पण त्याचं काम चालूच आहे. हिंगणा रोडला माझं गॅरेज आहे, हा घोळ रोजचाच.

ईजीआर म्हणजे इंजिनाला थोडी उष्टी हवा परत पाजायची. जळून गेलेला वायू पुन्हा जळत नाही. तो जागा अडवतो, उष्णता पितो, आणि जाळ जरा थंड राहतो. सिलिंडरमध्ये साधारण १५०० अंशांच्या वर गेलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो आणि विषारी नॉक्स तयार होतो, तो असा आवरतो. पेट्रोलमध्ये वरून मायलेजही मिळतं. हळू चालवताना थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ मिटलेला असतो, इंजिन नाक दाबून श्वास ओढतं. उष्ट्या हवेनं जागा भरली की थ्रॉटल जास्त उघडता येतो, तेवढी ओढाताण वाचते.

पूर्वी यासाठी वेगळा पाइप आणि व्हॉल्व्ह असायचा. व्हीव्हीटीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारा) जरा उशिरा मिटवतात. पिस्टन खाली निघालेला असतो, तो बाहेर पडलेला वायूच परत ओढतो. किंवा इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) लवकर उघडतात, म्हणजे थोडा वायू तिकडे शिरून ताज्या हवेसोबत आत येतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तो ओव्हरलॅप. वर्धा रोडवर निवांत साठनं चाललात तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तो वाढवतो, आयडलिंगला अगदी कमी करतो.

आता खरी गोम. व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, मागंपुढं फिरवतं कोण? बहुतेक गाड्यांत इंजिन ऑइलचं प्रेशर. म्हणजे तुमच्या गाडीत ईजीआरची किल्ली ऑइलच्या हातात आहे.

मे महिन्यात एक भाऊ आले. "काहून थरथरते हे सिग्नलवर? व्हरायटी चौकात तर बंदच पडली!" दुसरीकडे प्लग बदलून झाले होते, इंजेक्टर साफ करून झाले होते. स्कॅनरला कोड आला पी००११, म्हणजे इनटेक कॅम गरजेपेक्षा पुढे. ओसीव्ही, म्हणजे कॅमकडे ऑइल सोडणारा व्हॉल्व्ह, काढला, तर त्याच्या नखाएवढ्या जाळीवर काळा गाळ, चहाच्या गाळणीत चोथा बसावा तसा. डिपस्टिकवर ऑइल काकवीसारखं. कॅम पुढेच अडकलेला, त्यामुळे आयडलिंगलाही ओव्हरलॅप तसाच, आणि इंजिन आपलीच उष्टी हवा पिऊन गुदमरत होतं. जाळी धुतली, ऑइल-फिल्टर बदललं, थरथर गेली. प्लगचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

या पद्धतीची एक उणीव आहे. आत राहिलेला वायू तापलेलाच असतो, कूलरमधून फिरवता येत नाही, आणि गरम मिश्रण नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकण्याला, निमंत्रण देतं. आपल्या पंचेचाळीस अंशांत तर विचारूच नका. म्हणून काही इंजिनांत पाइपवाला ईजीआर परत आलाय, पण कूलरसकट. २००९च्या प्रियसच्या १.८ लिटर इंजिनात तो होता. मारुतीच्या १.२ लिटर ड्युअलजेटमध्ये इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीकडे व्हीव्हीटी असून कूल्ड ईजीआरही दिलाय. तेव्हा "व्हीव्हीटी आहे म्हणून ईजीआर नाही" हे दरवेळी धरून चालू नका.

डिझेलचं गणित वेगळं. तिथं जादा हवा असते, त्यामुळे पेट्रोलसारखा थ्री-वे कॅटॅलिस्ट (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा) नॉक्स कापू शकत नाही, आणि बहुतेक डिझेलांना व्हीव्हीटीही नसतं. बराचसा भार त्या काजळी खाणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हवर. पत्रा लावून देणारे सांगतात, "पीयूसी पास होते ना!" होणारच, पीयूसीत डिझेलचा धूर बघतात, नॉक्स मोजतच नाहीत. मी लावून देत नाही, तुम्हीही लावू नका. काढून साफ करून घ्या, काजळी मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपर्यंत) गेली असेल तर तोही उतरवायला सांगा, आणि बसवताना जुनं गॅस्केट परत वापरू देऊ नका.