दोघंही ख्रिश्चन, मग बाप्तिस्म्यावरून घरात अबोला का?

बडोद्यात समुपदेशन करायला लागून मला एकोणीस वर्षं झाली आणि "मॅडम, दोघंही ख्रिश्चनच आहोत ना, मग घरात एवढं टेन्शन का?" हे मी किती जोडप्यांकडून ऐकलंय त्याची गणतीच नाही. बाहेरच्यांना वाटतं चर्च म्हणजे चर्च. एका घरातलं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी गरोदर, सातवा महिना. वडील मूळ नगरचे, नोकरीनिमित्त बडोद्यात आले ते इथलेच झाले, फत्तेगंजला मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये जातात. नवरा वसईचा कॅथलिक. कॅथलिक चर्चकडून लग्नाची परवानगी घेताना त्याने वचन दिलं होतं की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला मी होईल तेवढं करीन. तिच्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं, 1970 पासून घेतच नाहीत, फक्त कल्पना देतात, आणि तेव्हा तिने मान डोलावली. आता वडील म्हणत होते बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने चर्चमध्ये सामील करून घ्यायचा विधी, आपल्या पाळकसाहेबांच्याच (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या) हातून, नाहीतर मी येणार नाही.

समोर एक माणूस बसला तरी मी त्याच्यामागच्या तीन पिढ्या बघते, त्याशिवाय मला काम सुचत नाही. तिसऱ्या सेशनला वडिलांना बोलावलं आणि कागदावर पिढ्या मांडत गेले.

"काका, तुमचे आजोबा कुठल्या चर्चचे?"

"अमेरिकन मराठी मिशनचे. मी जन्मलो तेव्हा ते युनायटेड चर्च होतं. 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं, मी बारा वर्षांचा असेन. आमच्याकडे नुसती पाटी बदलली."

"आणि इथे मेथडिस्ट. ते तर त्या एकीकरणात आलेच नव्हते."

काका थबकले. "हो, पण इथे मला कुणी परकं नाही केलं."

"मग परकं कुठे वाटलं?"

खूप वेळ काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. शेवटी म्हणाले, "नाताळच्या मिस्साला, कॅथलिकांच्या उपासनेला, व्याह्यांबरोबर गेलो होतो. कम्युनियनला, म्हणजे प्रभुभोजन घ्यायला, अख्खा बाक उठला. तिथे ते सहसा कॅथलिकांनाच देतात, मी पाय आखडून त्यांना वाट दिली. पन्नास वर्षं प्रभुभोजन घेतोय मी. उद्या नातू त्या रांगेत आणि मी तिथेच बसलेला."

मुलगी रडायला लागली. हे तिला माहीतच नव्हतं.

त्या दिवशी मला उमगलं की पंथावरून भांडणारी माणसं बोलतात शिकवणुकीबद्दल पण जीव अडकलेला असतो अशा एखाद्या जागेत. रोजच्या जगण्यात पंथ म्हणजे आजारपणात प्रार्थनेला कोण धावून येतं, मयतीला कुठली गीतं म्हणतात, कुठल्या कबरस्तानात जागा मिळते, गुड फ्रायडेला घरात मटण शिजतं का, मरियेपुढे मेणबत्ती लावायची का. म्हणून मी जोडप्यांना सांगते की कुठलं चर्च खरं हे घरात ठरवायला बसू नका, दोन्हीकडच्या आईवडिलांना विचारा की तुम्हाला कशाला मुकायची भीती वाटते, आणि हे लग्नाआधीच विचारा, सातव्या महिन्यात नाही. आणि ऐकीव नियमांवर भांडू नका, फादर आणि पाळक दोघांना समोरासमोर भेटा.

हे दोघं भेटले. कळलं की पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने झालेला मेथडिस्ट बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही मानतं, पुन्हा देत नाही, म्हणजे काकांचा स्वतःचा बाप्तिस्मा तिथे खराच धरला जातो. हे ऐकून त्यांचा चेहरा किती सैल झाला म्हणून सांगू! शिवाय बाळाचा कॅथलिक गॉडपॅरेंट (धर्मपिता किंवा धर्ममाता) असेल तर त्याच्या जोडीला दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा झालेला माणूस साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये, साक्षीदार आजोबा, आणि घरी 'उपासनासंगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातली गाणी शिकवायची तीही आजोबांनीच, असं ठरलं.

कम्युनियनचा नियम मात्र तसाच राहिला, तो माझ्या हातात नाही आणि त्यांच्याही नाही. शेवटच्या सेशनला जावई म्हणाला, "पप्पा, त्या दिवशी मी रांगेत जात नाही, तुमच्याजवळ बसतो."

काका म्हणाले, "नको, तू जा. फक्त परत आलास की माझ्याच शेजारी बस."