नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे कॅन्सर होतो का? बोअरचं पाणी प्यावं का?

भाऊ, तुम्ही भुसावळचे, नळाला तापीचं पाणी. उन्हाळ्यात क्लोरीनचा वास वाढला, त्यात व्हॉट्सॲपवर कॅन्सरचा मेसेज आला, म्हणून यावलकडच्या शेतातल्या बोअरचं पाणी आणू म्हणताय. माझं ऐकाल तर नका आणू. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून सांगतो.

मेसेज अगदीच थापा नाही. सडलेला पाला, शेवाळ यांतून पाण्यात जे विरघळतं, त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. क्लोरोफॉर्म त्यातलंच. १९७४ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाण्यात रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी हे दाखवून दिलं. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेलं तर मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध असावा, असं काही अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. पण तुम्हाला येतो तो वास याचा नाही, क्लोरीनचा. तो आला म्हणजे पाण्यात जंतू मारायला अजून काहीतरी शिल्लक आहे. कावीळ, गॅस्ट्रो यांना वर्षं लागत नाहीत, एक गढूळ आठवडा पुरतो.

खरी गोम मे महिन्यात आहे. नदी आटलेली, डोहात हिरवं शेवाळ, पारा ४५ च्या वर. उष्णतेने ही रासायनिक क्रिया वेगात होते. अशा कच्च्या पाण्यातच आधी क्लोरीन ओतलं तर ही संयुगं जास्त बनतात. आधी तुरटीने गाळ बसवून, फिल्टर करून मग क्लोरीन दिलं तर बरीच कमी. त्यामुळे नगरपालिकेला विचारायचंच असेल तर 'क्लोरीन किती टाकता' यापेक्षा 'कुठल्या टप्प्यावर टाकता' हे विचारा. हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

घरात चार दिवसांचं पाणी साठवून वर मूठभर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची सवय असेल तर ती सोडा. टाकी आधी घासून घ्या. हजार लिटरला ५ ग्रॅम पुरतं, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. पिण्याचं पाणी उघड्या पातेल्यात खळखळून उकळलं की क्लोरोफॉर्म बहुतेक उडून जातं. क्लोरीनमुळेच बनणारी दुसरी संयुगं, हॅलोअॅसिटिक आम्लं, मात्र सगळी जात नाहीत. कार्बनचा फिल्टर या संयुगांना बऱ्यापैकी धरतो, पण क्लोरीनही काढून टाकतो. म्हणून फिल्टरचं पाणी त्याच दिवशी संपवा आणि कार्ट्रिज वेळेवर बदला.

आता बोअर. केळीच्या पट्ट्यात युरियाचा मारा काय असतो ते तुम्हाला मी काय सांगणार! तो झिरपून नायट्रेट होतो. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याला वास नाही, चव नाही, आणि उकळून तो जात नाही, उलट दाट होतो. घरात बाटलीने दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर त्याला ते पाणी अजिबात देऊ नका. एवढं सांगूनही बोअरचंच प्यायचं असेल तर जळगावला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत आधी नायट्रेट आणि जंतू, दोन्ही तपासून घ्या. जंतूंसाठी बाटली तिथूनच निर्जंतुक केलेली मिळते का ते विचारा. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नेलेला नमुना त्या तपासणीला चालत नाही.