केमोच्या दिवसांतलं ताट

ताई, आईंची कॅन्सरवरची पहिली केमो (केमोथेरपी) आहे ना, मग "साखर बंद, दूध बंद" सांगणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावा. उपाशी ठेवून गाठ मरत नाही, माणूस मात्र खंगतो. आमच्या बाबांना फोडणीच्या वासानेच मळमळायचं. गार दहीभात तेवढा घशाखाली उतरायचा. दर दोन-तीन तासांनी चार घास, बस. तोंड आलं की मऊ मुगाची खिचडी, तिखट अजिबात नाही. प्रथिनांसाठी पूर्ण उकडलेलं अंडं, पनीर, घट्ट वरण. रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरल्या की कच्ची कोशिंबीर आणि गाडीवरचा उसाचा रस टाळा. हळदीच्या गोळ्या, काढे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. औषधांशी कधीकधी बिनसतं. आणि हो, दर आठवड्याला वजन वहीत लिहा.